आरशातली मेंढरं

"मॅडम, तुमच्या सर्व्हरवर चोर बसलाय. मला त्याचे मेसेज काढून द्या."

एवढं बोलून अशोकशेठनी हातातली गुंडाळी माझ्या टेबलावर टाकली. ती आपोआप उलगडली. माळरान, त्यावर मेंढरं, मागे काठी घेतलेला मेंढपाळ, आणि चित्राच्या उजव्या अंगाला एक बाभळीचं झाड. सगळं धाग्यात विणलेलं.

सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत असते. सोलापूरचं वॉल हँगिंग कमी लोकांना माहीत असतं. हे भिंतीवर टांगायचं चित्र असतं, पण ते रंगानं काढलेलं नसतं आणि छापलेलंही नसतं. हातमागावर रंगीत धाग्यांनी विणलेलं असतं. आधी ते चित्र ग्राफपेपरवर उतरवतात, एकेका चौकोनात एकेक रंग. तो ग्राफ विणकर मागाजवळ लावतो आणि चौकोन मोजत मोजत खालून वर विणत जातो. मोठ्या चित्राला महिने लागतात.

अशोकशेठचा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, हातमागाचा कारखाना आहे. टेंभुर्णीला हायवेवर एक नवं हॉटेल होतंय. त्याच्या मालकानं लॉबीसाठी मोठी ऑर्डर दिली होती. त्याचे वडील मेंढरं राखायचे. त्यांचा एक जुना फोटो होता, त्यावरून हँगिंग करायचं होतं. अट एकच. हे चित्र जगात एकच असलं पाहिजे.

शेठच्या मागावर ते अजून अर्धंही झालं नव्हतं, आणि तेच चित्र, मशीनवर विणलेलं, लहान साइझचं, कुठल्याशा वेबसाइटवर विकायला आलं होतं. हॉटेलवाल्यानं ते विकत घेऊन शेठला कुरियर केलं होतं आणि वर फोन करून झाडलं होतं. "माझ्या बापाची मेंढरं बाजारात आनली व्हय तुमी? आन वर काठी डाव्या हातात देऊन बापाला डावरा केलाय. माझा बाप डावरा न्हवता."

"ग्राफ कारखान्याबाहेर एकाच माणसाच्या घरी जातो," शेठ म्हणाले. "सुजाताच्या. तीच तो काढते. आणि सुजाता तुमच्या त्या सर्व्हरवर असते. तिथून तिनं कुणाला तरी पाठवला. मेसेज काढा, शनिवारपर्यंत. नाहीतर तिचं काम बंद, आणि तुमची मशीनपण माझ्या माळ्यावरून खाली."

आता माझी ओळख. मी शैलजा, वय अठ्ठावन्न. एका सूतगिरणीच्या ईडीपीला होते. ईडीपी म्हणजे त्या काळचं कॉम्प्युटर खातं. गिरणी बंद पडली, तेव्हापासून पाच-सहा कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. त्याशिवाय एक सर्व्हर चालवते, तो हौसेपायी. मोठ्या कंपन्यांच्या सोशल मीडियाला एकच मालक असतो आणि तुमचं सगळं त्याच्या खिशात असतं. आमचं तसं नाही. जगभर असे लहान लहान सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा सांभाळणारा वेगळा, आणि ते एकमेकांशी बोलतात. प्रत्येक गल्लीचं आपलं पोस्ट ऑफिस असावं आणि तरी पत्र कुठेही जावं, तसं. आमच्या गल्लीत विणकर, शिंपी, सुतार असे दीडशेच्या आत लोक होते. मशीन शेठच्या ऑफिसच्या माळ्यावर ठेवली होती. जागा त्यांची, करंट त्यांचा. त्याचाच तोरा आता बाहेर आला होता.

"खाजगी मेसेज तुम्हाला दिसतात की नाही?" शेठनी विचारलं.

"दिसू शकतात."

"मग?"

"मी बघत नाही."

"दिसतात आणि बघत नाही? हे कसलं सोवळं?"

"तेच सोवळं. तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही मला सगळं दिसतं, शेठ. तिथंही मी बघत नाही."

तरी शेठनी शनिवारची मुदत काही मागे घेतली नाही.

वाचकहो, ही गोष्ट खरी आहे आणि लोकांना ती सांगितली जात नाही, म्हणून स्पष्ट सांगते. अशा सर्व्हरवरचे खाजगी मेसेज कुलपात नसतात. सांभाळणाऱ्यानं मनात आणलं तर तो वाचू शकतो. न वाचणं ही फक्त त्याची सवय असते.

दुपारी सुजाता स्वतःच आली. तिशीची असेल. ग्राफ काढायला आईकडून शिकली. पूर्व भागात तिच्याइतका स्वच्छ ग्राफ कोणी काढत नाही. डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ.

"अक्का, शेठनी समद्यांच्या समोर चोर म्हनलं मला. तुमी वाचा माझे मेसेज. मी सांगते, वाचा."

"तुझे वाचीन गं. पण समोरच्या माणसांनी मला सांगितलेलं नाही, वाच म्हणून."

"मग हे घ्या." तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि स्वतःच एकेक मेसेज वर सरकवत गेली. बहिणीला पाककृती, एका शिंपिणीला रंगांची यादी, पोराच्या वह्या. ग्राफ कुठंच नव्हता. पण याचा उपयोग शून्य. शेठ म्हणणार, आधीच डिलीट केलं असेल. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची? मला संताप आला आणि तो काढायला जागा नव्हती. चोर हा शब्द एकदा पूर्व भागात फिरला की तिच्या हातात पुन्हा कोणी ग्राफ देणार नव्हतं.

मी मग मला शोभणारं काम केलं. सर्व्हरवर जे सगळ्यांसाठी उघडं असतं, ते कुणीही बघू शकतं. दोन दिवस बसून मी महिन्याभराचे उघडे फोटो चाळले. मागाचे, साड्यांचे, धाग्यांचे, सगळे. मोठे करून पाहिले. मेंढरू एक दिसेल तर शपथ. मध्ये मध्ये 'तुरटी'चे फोटो येत होते, ते मी भराभर पुढे ढकलले.

या 'तुरटी'बद्दल सांगायला हवं. आमच्याकडे टोपणनावानं राहता येतं. हे अकाउंट दर शुक्रवारी सकाळी एक फोटो टाकायचं, जुन्या पद्धतीच्या दाढीचा. तीन तुकड्यांचा जुना रेझर, लाकडी मुठीचा ब्रश, अल्युमिनियमची वाटी, तुरटीचा खडा. खाली दोन ओळी. 'ब्लेड दोनदा वापरलंय. हात हलका ठेवला तर तिसऱ्यांदाही चालेल.' एवढंच. कुठकुठल्या देशातले लोक भाषांतर करून ते वाचायचे आणि प्रश्न विचारायचे. मला दाढी नाही, तरी मी दर शुक्रवारी वाचायची. हा माणूस कोण, हे मला ईमेलवरून पाच मिनिटांत कळलं असतं. मी कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी मी हात टेकले. कॉम्प्युटर मला कळतो, कापड कळत नाही. ज्याला कळतं त्याच्याकडे ती गुंडाळी घेऊन गेले.

अंबादासमामा त्या कारखान्यातले सगळ्यात जुने विणकर. चाळीस वर्षं एकाच मागावर. मेंढरांचं काम त्यांच्याचकडे होतं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्ही कमीच. अंगात पांढरा सदरा आणि दाढी अशी की गालावर माशी घसरावी. शेठनी नक्कल कारखान्यात कुणाला न दाखवता थेट माझ्याकडे आणली होती, त्यामुळे मामांनी ती पाहिलेली नव्हती.

"मामा, हे बघून सांगा. हे कुठून घेतलं असेल?"

त्यांनी आधी ते पालथं केलं. लोक चित्र बघतात, मामांनी पाठ बघितली. "मशीनचं हाय," एवढं म्हणाले. मग सुलट केलं, मांडीवर घेतलं आणि खालच्या काठावर बोट ठेवलं. आपण पान वरून खाली वाचतो. ते खालून वर वाचत होते, एकेक ओळ, ज्या क्रमानं विणलं जातं त्याच क्रमानं. ओठ हलत होते, तेलुगूत आकडे मोजत. ओकटि, रेंडु, मूडु. मी स्टुलावर बसून होते. शेजारच्या मागाची खटखट चालू होती. दहा मिनिटं गेली असतील. इतक्या लक्षानं काही वाचलेलं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

बोट झाडाशी आलं आणि थांबलं.

"हे झाड कुटनं आलं?"

"मूळ चित्रात नाही?"

"न्हाई की. हितं दोन मेंढरं पायजेत." त्यांनी मागाजवळच्या ग्राफकडे मानेनं दाखवलं. "ग्राफात अकरा हायत. ह्यात नऊ. हे बघा, ह्या मेंढीचं तोंड झाडाच्या हिकडं हाय, पाय न्हाईत. पाय झाडामागं गेल्यात. सुजाताच्या हातचा ग्राफ ज्याच्याकडं गेला, त्याला अकरा दिसली असती. ह्याला नऊच दिसली."

"म्हणजे?"

"म्हंजी ह्यो बघत हुता, तवा मदी कायतरी उभं हुतं. मागचं दिसंना, मग त्यानं तितं झाड घातलं."

दोन दिवस मी स्क्रीन घासत होते, आणि या माणसानं कापडाच्या तुकड्यावरून, ते काढणारा कुठं उभा होता ते सांगितलं होतं.

"आणि मेंढपाळ डावरा कसा?" मी विचारलं. "उलट करून घेतलंय का? कॉम्प्युटरवर ते एका क्लिकचं काम आहे."

मामा झाडाकडे बघत होते. सरळ खोड, खोडाच्या मध्यावर बारीक आडव्या रेघा, वर फांद्या नाहीतच, नुसता एक आडवा, कडांना वाकलेला शेंडा. मग त्यांचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला आणि तिथंच राहिला.

"अक्का," ते म्हणाले, "हे झाड न्हवं. ह्यो माझा रेझर हाय."

मी कापड माझ्याकडे ओढून पुन्हा बघितलं.

मग त्यांनी सांगितलं. घरी एकच खोली, उजेड नाही. म्हणून ते सकाळी सहाला कारखान्यात येतात. किल्ली त्यांच्याकडेच असते. कपाटातून ग्राफ काढून लावतात, आणि माग सुरू करायच्या आधी उत्तरेच्या खिडकीत बसून दाढी करतात. रेझर वडिलांचा, त्यांनी गिरणीतल्या पहिल्या पगारातून घेतलेला. खिडकीच्या फळीवर आरसा टेकवलेला. शुक्रवारी डब्याच्या पिशवीतून फोन काढायचा, रेझर आरशापुढे उभा करायचा आणि फोटो घ्यायचा. आरशात मागे ग्राफ दिसतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. चाळीस वर्षं रोज बघितलेला आरसा. त्यात ते गाल बघायचे.

"कारखान्यात फोन आनायचा न्हाई, हा नियम. नव्या पोरांना मीच सांगतो," मामा म्हणाले. "पन बोलनार कुनासंगं? हितं समदे मशीननं दाढी करत्यात. तिकडची मानसं इचारतात तरी."

मी फोन काढला. 'तुरटी', तीन शुक्रवारांपूर्वीचा फोटो. मी पुढे ढकललेला. रेझर मध्ये उभा, मागे आरसा. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि आरशात ग्राफचे चौकोन उलगडले. उलटी मेंढरं, उलटा मेंढपाळ, काठी डाव्या हातात. आणि दोन मेंढरांच्या जागी रेझरची मूठ.

इथं माझीही चूक लिहून ठेवते. बाकीच्या ठिकाणी फोटो टाकला की तो लहान होतो. आमच्या विणकरांची तक्रार असायची की लहान फोटोत धागा दिसत नाही. म्हणून मी सेटिंग बदलून फोटो पूर्ण साइझचे ठेवले होते. माझ्यामुळेच ते चौकोन मोजता येत होते. माळ्यावर बसून मी मेसेजच्या गुप्ततेवर पहारा देत होते, आणि चोरीचं दार मीच सताड उघडं ठेवलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही कोण ते मी कुणाला सांगणार नाही. नाव न घेता काही मार्ग निघतो का बघू."

ते उठले होते. हात धुतले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, गुंडाळी काखेत घेतली आणि थेट ऑफिसात गेले. मी मागून.

शेठनी सगळं ऐकलं, फोटो पाहिला, कापड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. शेवटी म्हणाले, "मामा, फोनची बंदी तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"व्हय. चूक माझी हाय. माझं काय ते मागनं ठरवा. आदी पोरीला बोलवा."

सुजाता आली. शेठ म्हणाले, "बाई, गैरसमज झाला. उद्यापासून ग्राफ घेऊन जा."

ती हलली नाही. "शेठ, चोर हा शब्द समद्यांच्या समोर म्हनला हुता."

मला वाटलं आता भडका उडतो. शेठ उठले, शेडमध्ये गेले, माग थांबवायला लावले आणि चौदा माणसांसमोर म्हणाले की माझं चुकलं, सुजातानं काही केलेलं नाही. कान लाल झाले होते, पण म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याबद्दलचं माझं मत थोडं सुधारलं.

मामांचं काय करायचं ते ठरायच्या आत हॉटेलवाला स्वतः आला. चिडूनच आला होता. शेठ काही सांगायला लागले, तर त्यांना बाजूला करून तो मागाजवळ गेला. अर्धं विणलेलं चित्र होतं. तो वाकला आणि एका मेंढीवर बोट ठेवलं. कळपातली ही एकटीच मागे वळून बघत होती.

"ही चांदी," तो म्हणाला. "अशीच मागं बघत चालायची. बाप थांबला की थांबायची." मग मामांकडे वळला. "तुमी केली ही?"

"ग्राफ हिचा," मामांनी सुजाताकडे दाखवलं. "हात माझा. आन चोरीला गेलं ते बी माझ्यामुळं." त्यांनी त्यालाही सगळं सांगितलं, रेझरसकट.

तो माणूस डोळे पुसत हसला. "ते मशीनचं ऱ्हाऊ दे बाजारात. त्यात चांदी कुटं हाय? झाडामागं गेलीय. शेठ, हे ह्यांच्याच हातनं पुरं व्हायला पायजे." नक्कल कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं एक काम उरलं होतं. फोटो पुसणं. आमच्या सर्व्हरवरून तो एका क्षणात गेला. पण ज्या ज्या सर्व्हरवर त्याची प्रत पोचली होती, तिथं फक्त विनंती जाते. पुसा, म्हणून. सक्ती कुणी कुणावर करू शकत नाही. बहुतेकांनी लगेच पुसला. एका ठिकाणी तसाच दिसत होता, तेव्हा मी तिथल्या सांभाळणाऱ्याला पत्र लिहिलं. फिनलंडमधला एक निवृत्त सुतार. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. फोटो पुसला आहे, उशिराबद्दल माफी. पण त्यानं त्याची एक छापील प्रत आपल्या कामाच्या खोलीत लावली होती, रेझर आवडला म्हणून. ती जाळू का?

मी मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जाळतो कशाला? आरसा कापून टाक म्हनावं."

आठवड्यानं सुताराचा फोटो आला. लाकडी भिंत, तिच्यावर मामांच्या वडिलांचा रेझर, आणि मागे आरशाच्या जागी कात्रीनं नीट कापलेलं भोक. या माणसानं आम्हाला कधी पाहिलेलं नाही. त्याला विचारणारं कोणी नव्हतं. मी दिवसातून दोनदा तो फोटो उघडून बघत होते, आणि मला गिरणीतल्या नोकरीत कधी वाटला नव्हता एवढा माझ्या कामाचा अभिमान वाटत होता.

हे लिहायची परवानगी मामांनीच दिली. नावं बदलली आहेत. मजकूर वाचून दाखवल्यावर मी त्यांना माझ्या मनात राहिलेलं विचारलं.

"मामा, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता, तर जन्मात कुणाला कळलं नसतं."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलत होते. "गप कसं बसनार, अक्का? कापडावर दिसत हुतं की."

त्यांना खरोखर वाटत होतं की ते सगळ्यांनाच दिसत होतं.

तेव्हापासून नव्या माणसाला अकाउंट देताना मी दोन गोष्टी सांगते. तुमचे खाजगी मेसेज मला वाचता येतात आणि मी वाचत नाही. तरी माझ्या भरवशावर काही लिहू नका. आणि फोटो काढताना आरसा पालथा घाला. फोटोची साइझ मी लहान केली आहे. विणकरांची तक्रार पुन्हा सुरू झाली आहे, धागा दिसत नाही म्हणून.